बालाजीच्या नावावर खेळलेला सिद्धोधन

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार. पूर्णा येथील रेल्वे वसाहतीलगतच्या मैदानावर, मैदान समितीचे अध्यक्ष सुग्रीवराव यांनी ध्वनिक्षेपकावरून असे जाहीर केले की, येथे सुरू होणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षण केंद्राचे मानधनी प्रशिक्षक म्हणून 'जिल्ह्याचे नामवंत माजी बचावपटू' श्री. बालाजी यांचे नाव समितीने ठरवले आहे. नारळ झाला, शाल झाली, फेटा झाला. ज्या माणसाने गेली कित्येक वर्षे त्याच मैदानावर रोज सकाळी मुलामुलींना फुकट फुटबॉल शिकवला, तो सिद्धोधन दत्तराव हा त्या वेळी दोरीच्या बाहेर उभा होता. समितीच्या नव्या नियमानुसार नियुक्त प्रशिक्षकाखेरीज कोणालाही यापुढे मुलांना घेऊन मैदानात उतरता येणार नाही. या निर्णयाविरुद्ध माझी तक्रार आहे. ती मी समितीपुढे तोंडी मांडली. समितीने ती ऐकून घेतली आणि मला चहा पाजला. म्हणून ती येथे मांडतो आहे.

ती एका वाक्यात मावते. बालाजी हे गृहस्थ आयुष्यात एकही सामना खेळलेले नाहीत.

पूर्णेतल्या चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही हे वाक्य ऐकवा, तो चकित होणार नाही. तो हसेल आणि म्हणेल, "हे तर समद्यालाच माहीत हाय की." माझा सगळा संताप या उत्तरावर आहे. जे सगळ्यांना माहीत असते, ते उभे राहून सांगण्याची जबाबदारी आमच्या गावात कोणावरच नसते.

सिद्धोधन आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. त्याचे वडील दत्तराव रेल्वेत गँगमन होते. पूर्णेला फुटबॉल रेल्वेनेच आणला. सिकंदराबादकडून बदली होऊन येणारी माणसे ट्रंका, लोणच्याच्या बरण्या आणि चेंडू घेऊन येत. भोवतालच्या गावांत कुस्ती आणि कबड्डी चालत असताना आमच्या वसाहतीतली मुले हिवाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर चेंडूमागे धावत असत. तिथे यादगिरी नावाचे एक फिटर होते. ड्यूटीवरून सुटले की तेलकट कपड्यांनीच मैदानावर येत. सगळी मुले गोल मारायला पुढे धावत आणि सिद्धोधन मागे उभा राही, कारण तो बुजरा होता. यादगिरींना तोच आवडला.

"बॉल को नक्को देख रे," ते आपल्या दखनीत सांगत. "बॉल झूट बोलता. उसकी कमर को देख. कमर जिधर जाती, आदमी उधरिच जाता."

सिद्धोधन हे शिकला. पुढे त्याच्या खेळात बघण्यासारखे काहीच उरले नाही, आणि हे मी स्तुती म्हणून लिहितो आहे. तो अंगावर धावून जात नसे, जमिनीवर लोळण घेत नसे. समोरच्या गड्याला तो फक्त रस्ता देई, पण जो रस्ता कोपऱ्याच्या निशाणाकडे जातो तेवढाच. गडी धावत धावत कोपऱ्यात जाई आणि आपण इथे का आलो, हे त्याला कळत नसे. शिट्टी वाजेपर्यंत काहीच घडले नाही की समजावे, सिद्धोधन चांगला खेळला.

शहाण्णव साली सुग्रीवराव त्याच्या घरी आले. ते तेव्हा जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी विभागाचे अधिकारी होते आणि कारखान्याच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापकही. तो कारखाना पुढे बंद पडला. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्या काळी कारखाने, जिनिंग, सूतगिरण्या यांच्या संघांसाठी जिल्ह्यात एक चषक भरत असे. त्याचा एकच नियम कडक होता: खेळणारा माणूस त्या ठिकाणी कामाला असला पाहिजे. नियम कडक असला की तो वाकवण्याची रीतही पक्की होते. तिला आमच्याकडे 'नावावर खेळणं' म्हणत. कामावर असलेल्या पण खेळता न येणाऱ्या माणसाचे नाव घ्यायचे, आणि खेळता येणाऱ्या पण कामावर नसलेल्या माणसाचे पाय. सामन्याआधी पंच नावे पुकारत आणि पाय पुढे येत. पंचांना हे माहीत असे. समोरच्या संघातही असे उसने पाय असत, त्यामुळे कोणी कोणाविरुद्ध बोलत नसे.

सुग्रीवराव ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "सिद्धोधन, तू खेळ. नाव आपल्या बालाजीचं." बालाजी म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, कारखान्यात टाइमकीपर. "तेला चेंडू दिसला तरी घाम फुटायलाय, पन नाव तर हाय."

"आन माजं नाव?" सिद्धोधनने विचारले.

"ते घरी ठेव. पुढल्या गाळपाला तुला कामाला चिकटवतो. मंग नाव बी तुजं, पाय बी तुजेच."

आतून केशरबाई, म्हणजे सिद्धोधनची आई, बाहेर आल्या. "सायेब, ते नाव आमी लय विचार करून ठिवलंय. भगवान बुद्धाच्या बापाचं नाव हाय ते." शुद्धोदनाचे आमच्या बोलीत सिद्धोधन झाले आहे.

"मावशी, नाव काय कुटं पळून जायलंय का?" सुग्रीवराव हसत म्हणाले.

पुढल्या गाळपाला त्याला चिकटवले नाही. त्याच्या पुढल्यालाही नाही. दर हंगामात कारण वेगळे असे, आश्वासन मात्र तेच. दरम्यान त्या संघावर गोल होणे जवळपास थांबले आणि बालाजी हे नाव जिल्हाभर गाजू लागले. सामन्याच्या दिवशी खऱ्या बालाजीची मोठी पंचाईत होई. एकाच नावाची दोन माणसे मैदानावर दिसू नयेत म्हणून त्याला सिनेमाला पाठवत. संघ जितके सामने खेळला तितके सिनेमे बालाजीने पाहिले. एकदा सिद्धोधनला लागोपाठ दोन सामन्यांत पिवळे कार्ड मिळाले आणि नियमानुसार 'बालाजी' पुढच्या सामन्यातून बाद झाला. तेव्हा सुग्रीवरावांनी सिद्धोधनला भारत नावाच्या बॉयलर अटेंडंटच्या नावावर उतरवले. सामना रंगात आल्यावर ते सवयीने बाकड्यावरून ओरडले, "बालाजी, मागं सर!" आणि भारत मागे सरला. पंचांनी शिट्टी तोंडात धरून दुसरीकडे पाहिले. मैदान हसले. हा किस्सा आजही पूर्णेत लग्नाच्या पंगतीत सांगितला जातो आणि आजही लोक हसतात. त्यात हसण्यासारखे काय आहे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

२००१ सालचा अंतिम सामना जिंतूरला होता. केशरबाई शेजारणींबरोबर एसटीने आल्या. त्यांनी मुलाचा सामना कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. सामना सुरू होण्यापूर्वी सुग्रीवराव मुद्दाम आमच्याकडे आले.

"मावशी, वरडायचं असंल तर बालाजी मनून वरडा बरं का. आज पंच बाहेरचे हायेत. तुमच्या तोंडातून भलतंच नाव निघालं तर समदा संघ बाद."

"माज्या लेकराला मी दुसरीच्या लेकराच्या नावानं हाका मारू?"

"एक दिवस हो."

"एक दिवस कुटं, सायेब? किती हंगाम झाले."

सुग्रीवराव संघाकडे निघून गेले.

सामन्याच्या शेवटी आपला संघ एका गोलने पुढे होता. समोरच्या संघाचा आघाडीचा गडी मधूनच सुटला. आपला गोलरक्षक पुढे येऊन घसरून पडलेला. गोलपोस्ट रिकामा आणि मध्ये एकटा सिद्धोधन. सगळे मैदान 'मार, मार, पाड तेला' म्हणून ओरडत होते. सिद्धोधन त्याच्या अंगावर गेला नाही. अर्धवट तिरका उभा राहिला आणि एक एक पाऊल मागे सरत गेला. गड्याने डावीकडे झुकांडी दिली, सिद्धोधन हलला नाही. उजवीकडे दिली, तेव्हा तो हलला, कारण या वेळी कंबरही गेली होती. गडी कोपऱ्याकडे ढकलला गेला, चेंडू रेषेबाहेर गेला आणि शिट्टी वाजली. हजारो गळे एका दमात ओरडले, "बालाजी! बालाजी!"

केशरबाई उभ्या राहिल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात धरलेला. खाली बसल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "धम्मा, तेला कळलं नसंल ना रे, मी गप बसल्याली?"

उत्कृष्ट बचावपटूची ढाल बालाजीच्या नावाने पुकारली गेली. सिद्धोधनने जाऊन ती घेतली. परतताना ट्रक सिनेमागृहासमोर थांबला, बालाजी वर चढला आणि त्याने ढाल आपल्या मांडीवर घेतली. "माज्या नावाची हाय," तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. आपला डबा ओळखून उचलावा, तितक्या सहजपणे तो म्हणाला.

तीन वर्षांनी परभणीतल्या सामन्यात सिद्धोधनचा डावा गुडघा गेला. त्याने पाय रोवलेला असताना गडी वरून पडला. कारखान्याच्या कर्मचाऱ्यांचे उपचार कारखाना करी, पण सिद्धोधन कर्मचारी नव्हता. बालाजी होता. म्हणून सिद्धोधनला रुग्णालयातही बालाजी म्हणूनच दाखल केले. सुग्रीवरावांनी ही सोय तत्परतेने केली, हे मान्य करावे लागेल. फक्त केशरबाईंना कळवायचे राहून गेले.

गुडघा गेल्याचे तेवढे ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या भाकरी बांधून परभणीला गेल्या. खिडकीवर विचारले, सिद्धोधन दत्तराव कुठल्या खोलीत आहे. असा रुग्ण इथे नाही, असे उत्तर मिळाले, आणि ते बरोबरच होते. गुडघा मोडलेला पूर्णेचा माणूस म्हणून विचारले, तर 'ते बालाजी म्हणून आहेत, मावशी, तुमचे नव्हेत' असे सांगण्यात आले. बालाजीचे नाव ऐकल्यावर तरी त्यांना उमगायला हवे होते, असे मला नंतर काही शहाण्यांनी सुनावले. ज्या बाईच्या डोक्यात मुलगा मेल्याची शंका शिरली आहे, तिला काय उमगावे? मी दुपारी पोहोचलो तेव्हा त्या फाटकाबाहेर लिंबाखाली भाकरीचे गाठोडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडून झाले होते.

"काकू, तो आत आहे. बालाजी म्हणून विचारायचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "मेल्यावर तरी तेचं नाव तेला देतेल का रे, धम्मा?"

गुडघा पूर्ण बरा झाला नाही. सुग्रीवराव म्हणाले, पायच गेला, आता कशाच्या जोरावर चिकटवू? त्यानंतर लवकरच कारखाना बंद पडला आणि तो प्रश्नही मिटला. सिद्धोधन एका जिनिंगवर रात्रपाळीचा वॉचमन झाला. लग्न झाले, रेणुका नावाची समजूतदार बायको मिळाली. केशरबाई वारल्या. रात्रपाळी सुटली की घरी झोपायला जाण्याऐवजी तो लंगडत मैदानावर येऊ लागला आणि तिथे उगाच चेंडू बडवणाऱ्या मुलांना उभे कसे राहायचे ते दाखवू लागला. रेल्वे वसाहतीतली मुले, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची आजीजवळ राहिलेली मुले, मुलीसुद्धा. कोणालाच मागे उभे राहायचे नसे. पिंकी नावाची एक मुलगी त्याला एकदा म्हणाली, "सर, मागं उभं राहिल्यावर फोटोत येत न्हाई."

"मंग फोटो नको काढू," सिद्धोधन म्हणाला. ती मुलगी आज मुलींच्या संघात मागे खेळते आणि पुढच्या मुलींना तिची धास्ती आहे.

मागच्या वर्षी स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पिताना मी त्याला मोबाइलवर एक पान दाखवले. स्वीडन नावाच्या दूरच्या थंड देशातला एक निवृत्त बचावपटू. फार मोठा खेळाडू नव्हे. आपल्याकडे त्याचे नाव कोणी ऐकलेले नसेल. पण तो कोणत्या क्लबातून कोणत्या क्लबात गेला, दर हंगामात किती सामने खेळला, कधी बदली खेळाडू म्हणून उतरला, सगळे लिहिलेले. सिद्धोधनने चष्मा लावला.

"गोल किती मारले यानं?"

"अगदी थोडे."

"तरी एवढं लिवलंय?"

"हो."

त्याने बोटाने पान वर सरकवले. "पिवळे कार्ड बी लिवलेत की. तेच्याच नावावर?"

"मग कोणाच्या?"

तो मोठ्याने हसला. हॉटेलातली दोन माणसे वळून पाहू लागली. "माजे तर पिवळे कार्ड बी बालाजीनंच खाल्ले गड्या." मग त्याचे हसू थांबले. खाली त्या खेळाडूच्या दुखापतीचा उल्लेख होता, गुडघ्याच्या, आणि त्यापायी हुकलेल्या सामन्यांचा. सिद्धोधनने ते अक्षर मोठे करून वाचले. "गुडगा बी तेचाच," तो म्हणाला. मोबाइल त्याने परत दिला.

त्या स्वीडिश माणसाचा मला हेवा वाटला नाही. संताप आला तो आपल्याच लोकांचा. ज्यांच्या देशात वर्षातले कित्येक महिने मैदानावर बर्फ पडलेले असते, त्यांना आपला साधासुधा बचावपटू जपून ठेवता येतो. आम्हाला आमच्या डोळ्यांसमोर खेळलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारता आली नाही.

अशा माणसाने आयुष्यात प्रथमच काहीतरी मागितले. प्रशिक्षण केंद्र येणार हे कळल्यावर तो समितीकडे गेला आणि म्हणाला, मला ठेवा. मानधनाचा विषयही त्याने काढला नाही. मैदान राहू द्या, एवढेच म्हणाला. मग जे जाहीर झाले, ते मी सुरुवातीला नोंदवले आहे.

जाहीर झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी सिद्धोधनला घेऊन सुग्रीवरावांकडे गेलो. ते आता सत्तरीकडे झुकले आहेत. मी शाळामास्तर, म्हणून त्यांनी आदराने बसवले.

"सर, मला तुमी काय सांगायलात? मीच तर उभा केलता तेला. समद्याला माहीत हाय."

"मग बालाजीरावांचे नाव कसे जाहीर केले?"

"ढाल कुनाच्या नावाची? चषक जिंकला तवा नाव कुनाचं पुकारलं? मानधन देनारे वरचे लोक नाव बगतेत सर, पाय बगत न्हाईत."

"तर मग तुम्ही वर सांगा की ते पाय सिद्धोधनचे होते. तुमच्याइतका खात्रीचा माणूस दुसरा नाही."

त्यावर ते थोडे पुढे झुकले. आवाज चढवला नाही. "सांगतो की. मंग ते इचारतील, दुसऱ्याच्या नावावर खेळला कोन? तोतया कोन? सर, तुमी शिकल्याले मानूस, तुमीच सांगा, तोतयाला कुनी लेकरं शिकवायला ठिवतंय का? मी गप हाय ते तेच्याच भल्यासाटी."

म्हणजे खोटे चालू राहिले तर सिद्धोधन कोणीच नाही, आणि खरे बाहेर आले तर तो गुन्हेगार. बालाजी दोन्ही बाजूंनी सुरक्षित आणि सुग्रीवराव तिन्ही बाजूंनी. सिद्धोधन मान खाली घालून ऐकत होता. मला वाटले तो उठून जाईल. तो म्हणाला, "सायेब, त्यो लेकरायला कसं शिकवंल, एवढं तरी सांगा."

"शिकंल हळूहळू," सुग्रीवराव म्हणाले.

तिथून आम्ही बालाजीकडे गेलो. मला भांडायचे होते, हे मी लपवत नाही. बालाजीने दारात येऊन स्वागत केले. "या, या सिद्धोधनभाऊ. या सर." भिंतीवर ती ढाल होती, पुसून लखलखीत ठेवलेली. चहा आला. सगळ्यांना कप सारखेच होते. एवढी सुधारणा झाली आहे आणि ती नोंदवली पाहिजे. बालाजीची नातवंडे दारात जमली आणि त्यातले धाकटे म्हणाले, "आबा, जिंतूरची मॅच सांगा ना."

मला वाटले, आता तरी हा माणूस ओशाळेल. सिद्धोधन समोर बसला आहे. बालाजी ओशाळला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

"शेवटला डाव होता. गोलकीपर पडल्याला. समोरून त्यो गडी असा वाऱ्यासारखा. समदे वरडायलेत, पाड तेला, पाड तेला. मी काय केलं? मी चेंडू बघितलाच न्हाई. कंबर बघितली. चेंडू खोटं बोलतो, कंबर बोलत न्हाई..."

यादगिरींचे शब्दही त्याच्याकडे गेले होते. ऐकणाऱ्याने शपथ घेतली असती की हा माणूस तिथे उभा होता. हा खोटे बोलत नव्हता, असे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. वर्षानुवर्षे इतरांच्या तोंडून ऐकून, जिल्हाभरात त्याच नावाने हाका झेलून, त्याला तो सामना आठवू लागला होता. ज्या दुपारी तो सिनेमागृहात होता, ती दुपार त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. सांगून झाल्यावर त्याने गुडघा चोळला. "थंडी पडली की ठनकायलाय आजून. परभनीचा मार हाय त्यो."

"कोन्ता गुडगा, बालाजीराव?" सिद्धोधनने विचारले.

बालाजीचा हात उजव्या गुडघ्यावर होता. तो डावीकडे निघाला आणि दोन्हीच्या मध्ये हवेतच थांबला. नातवंडे वाट बघत होती. बालाजीच्या बायकोने आतून हाक दिली, "जेवूनच जावा म्हनं." आम्ही जेवलो नाही.

रस्त्यावर आल्यावर मी सिद्धोधनवर चिडलो. "तोंड का नाही उघडलंस?"

"तेच्या नातवंडासमोर काय बोलू? आन खरं सांगू का, धम्मा? लय झाक सांगितलं तेनं. मला बी एवढं सांगता येत न्हाई." तो थोडा वेळ लंगडत चालला. "पन बोलून कुनी थांबत न्हाई. कंबर बग मनंल त्यो लेकरायला. मंग पाय कुटं ठिवायचा? वजन कोन्त्या पायावर घ्यायचं? ते इचारलं की काय दावंल? पिंकी लय जोरात जाती बग अंगावर. तिचा पाय रोवल्याला असंल आन वरून कुनी पडलं तर? माजं जाऊ दे. पोरीचा गुडगा जाईल ना."

त्याच्याकडून यापेक्षा जास्त तक्रार मी कधी ऐकलेली नाही. मैदान सध्या बंद आहे. मुले दोरीपाशी येऊन उभी राहतात आणि परत जातात. सिद्धोधन पाळीवरून सुटला की सरळ घरी जातो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. रेणुका मला म्हणाली, "भाऊजी, झोपला तर चांगलंच हाय. पन झोपंना बी त्यो."

आता वाचकांशी बोलतो, कारण समितीशी बोलून झाले आहे.

सिद्धोधन निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तो दुसऱ्याच्या नावावर खेळला. पण त्याला उभा करणारा एक होता, आपले नाव देणारा एक होता, शिट्टी तोंडात धरून दुसरीकडे पाहणारे पंच होते, आणि ते उसने नाव घसा बसेपर्यंत ओरडणारे तुम्ही होता. तुम्ही ते अजाणता ओरडला नाहीत. कोण खेळतो आहे, हे तुम्हाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होते. पंगतीत तुम्ही तोच किस्सा सांगता, यावरून ते सिद्ध होते. ज्या लबाडीत अख्खा तालुका सामील होता, तिची शिक्षा एकट्या माणसाला आणि त्याने शिकवलेल्या पोरांच्या गुडघ्यांना होणार असेल, तर ती मला मान्य नाही.

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी मैदानावर समितीची खुली सभा आहे. प्रशिक्षकाच्या नावावर तिथे शेवटचे शिक्कामोर्तब होणार आहे. जिंतूरच्या त्या सामन्याला जे हजर होते, पूर्णेचे, जिंतूरचे, झरीचे, परभणीचे, त्या सर्वांनी सभेला या. उभे राहा. आधी स्वतःचे नाव सांगा. मग दोन वाक्ये बोला: त्या दिवशी खेळला तो सिद्धोधन होता, आणि हे आम्हाला त्याच दिवशी माहीत होते. पहिले वाक्य एकटेच बोलाल तर समिती त्याला तोतया ठरवेल. दुसरे वाक्य तुमच्याखेरीज कोणीही बोलू शकत नाही. दोन्ही बोला.